आधी पाठ मोज, मग सॅक बघ

पत्र असं आलंय:

"ताई, मी २७ वर्षांची, उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो, हिंजवडीत नोकरी. दोन वर्षांत एकदिवसीय ट्रेक बरेच केले, कॉलेजची बॅग घेऊनच. मागच्या महिन्यात पहिल्यांदा राजगडावर मुक्काम केला, त्यासाठी दादाची ६० लिटरची सॅक नेली (दादा ५ फूट १० इंच). खांदे इतके दुखले की सोमवारी ऑफिसात मान वळवता येत नव्हती. आता डिसेंबरात राजगड-तोरणा करायचाय, जूनच्या शेवटी हिमाचलातला हंपटा पास, आणि मधे एकटीने थोडं फिरायचंय, एसटी, ट्रेन, कधी विमान. या सगळ्याला एकच सॅक चालेल का? दादा म्हणतो मोठीच घे, मोठी सॅक कमी भरता येते, लहान सॅक मोठी करता येत नाही. आई म्हणते आहे त्या बॅगेला काय झालंय. बजेट पाच हजार. – खांदे धरून बसलेली, पुणे"

अगं, सगळ्यात आधी हे सांगते की तुझ्या खांद्यांत काही बिघाड नाहीये. तुला कदाचित वाटलं असेल आपल्याला मुक्कामाचे ट्रेक झेपत नाहीत, तर ते डोक्यातून काढून टाक. ती सॅक तुझ्या पाठीची नव्हती, एवढंच झालंय. सॅकला लिटर असतात हे सगळ्यांना माहीत असतं पण सॅकला पाठीची लांबी पण असते हे दुकानात कुणी सांगत नाही, आणि आपण विचारत नाही. दादाच्या सॅकचा कमरेचा पट्टा दादाच्या कमरेवर बसतो, तुझ्या अंगावर तोच पट्टा पार खाली घसरून कुल्ल्यांवर येत असणार, मग तू तो नुसता नावाला लावला असशील किंवा चालताना लागतो म्हणून सोडूनच दिला असशील. झालं, सगळं वजन खांद्यावर.

आपल्याकडे बायका भरलेली कळशी कशी घेतात बघ, कमरेवर, हाडाला टेकवून. हातात लोंबकळत घेऊन कुणी विहिरीवरून घरी येत नाही. कमरेचं हाड वजन पेलतं, त्याच्या खाली मांड्यांचे मोठे स्नायू आहेत, पाय आहेत. खांद्यावर वजन आलं की मान, पाठीचा वरचा भाग, सगळं आखडतं. चांगल्या सॅकचा सगळा खटाटोप याच्यासाठीच असतो की बहुतेक वजन कमरेवर जावं आणि खांदेपट्ट्यांनी सॅक फक्त पाठीला धरून ठेवावी. हे जमलं तर ९ किलो कळत पण नाहीत, आणि हे नाही जमलं तर ५ किलोत पण माणूस रडकुंडीला येतो.

म्हणून लिटर, कंपनी, रंग हे सगळं नंतर. आज रात्री जेवणं झाली की आईला आणि शिवणाच्या टेपला हाताशी घे. मान पुढे झुकव, मानेच्या मुळाशी एक मणका उठून दिसतो, बोट लावलं की लगेच सापडतो, आईला तिथे टेप धरायला सांग. आता दोन्ही हात कमरेवर ठेव, अंगठे मागे पाठीकडे, म्हणजे अंगठे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर येतात. दोन अंगठ्यांच्या मधे एक आडवी रेघ कल्पना कर, मणक्यापासून त्या रेघेपर्यंत किती सेंटिमीटर येतात ते लिहून ठेव, ती तुझ्या पाठीची लांबी. मोजताना मान सरळ ठेव आणि पाठ ताठ, पोक काढून मोजलंस तर आकडा चुकतो. तुझ्या उंचीला साधारण ३८ ते ४३ च्या मधे काहीतरी येईल असा माझा अंदाज आहे, पण उंचीवरून ठरवू नकोस, मोजच. सारख्या उंचीच्या दोघींत एकीचे पाय लांब असतात तर दुसरीची पाठ.

हा आकडा घेऊन दुकानात जायचं. काही सॅकमधे खांदेपट्टे वरखाली सरकवून पाठीची लांबी बदलता येते, मागे वेल्क्रोची किंवा शिडीसारखी पट्टी असते, तुझ्यासाठी ते सगळ्यात चांगलं. काही कंपन्या एस-एम आणि एम-एल असे दोन साइझ काढतात, त्यातला लहान घे. आणि बायकांसाठी वेगळ्या सॅक असतात त्या नुसत्या जांभळ्या-गुलाबी रंगाच्या नसतात हे पण सांगून ठेवते, त्यांची पाठ आखूड असते, खांदेपट्टे अरुंद आणि छातीला टाळून वळवलेले असतात, कमरेचा पट्टा आपल्या कमरेच्या उताराला धरून तिरका शिवलेला असतो. ड्यूटरच्या सॅकवर एसएल लिहिलेलं असतं ते याच मापाचं, ऑस्प्रे कंपनीच्या फारपॉइंट सॅकची बायकांची बहीण म्हणजे फेअरव्ह्यू. या दोन्ही तुझ्या बजेटच्या वर जातील, पण हातात घेऊन बघ, म्हणजे चांगली सॅक अंगावर कशी बसते ते कळेल, मग पाच हजारातली निवडताना तेच शोधायचं.

आता लिटर. तुझी राजगड-तोरण्याची सॅक मी कागदावर भरून बघितली. रिकामी सॅक दीड किलो, स्लीपिंग बॅग १.३, मॅट ३०० ग्रॅम, पाणी ३ लिटर म्हणजे ३ किलो, खाणं एक किलो, एक जोड कपडे आणि जॅकेट मिळून १.२, आणि हेडटॉर्च, पॉवरबँक, औषधं, मग, ताटली हे सगळं ७०० ग्रॅम धर. झाले ९ किलो. तुझ्या वजनाचा पाचवा हिस्सा साडेदहाच्या जवळ येतो, त्याच्या वर सहसा जाऊ नये, तर तू आत आहेस. आणि हे सगळं ४० लिटरमधे आरामात बसतं. ३८ ते ४५ मधलं काहीही घे, पण ४५ च्या वर जाऊ नकोस. एक लक्षात ठेव, काही कंपन्या बाहेरचे कप्पे धरून लिटर सांगतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या ४० लिटर सॅक शेजारी ठेवल्या तर एक चांगली ढब्बू दिसते आणि दुसरी बारकी. जमलं तर तुझी स्लीपिंग बॅगच दुकानात घेऊन जा, ती खाली टाकून वर किती जागा राहते ते डोळ्यांनी बघ.

दादाचं म्हणणं चुकीचं नाहीये, मोठी सॅक कमी भरता येते हे खरंच. पण ६० लिटरमधे ४० लिटरचं सामान टाकलं की ते तळाला जाऊन बसतं आणि सॅक मागे ओढते, मग आपण नकळत पुढे वाकून चालतो. बाजूचे पट्टे आवळून थोडं सावरता येतं, पण उंची कुठे जाणार? मागच्या महिन्यात राजगडावर गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढली असशील तर आठव, शेवटचा तो रेलिंग धरून चढायचा कातळ आणि मग त्या एवढ्याशा दरवाज्यात वाकून शिरायचं. तुझी सॅक डोक्याच्या वर वीतभर उभी होती ना? वाकलं की सॅकचं टोक वरच्या दगडाला लागतं, आपण पुढून आत आणि सॅक बाहेर अडकलेली, मागचा माणूस ढकलतोय. सह्याद्रीत अशा जागा जागोजागी आहेत आणि सगळ्या रेलिंगवाल्या नाहीत. घसाऱ्यावर, कातळावर सॅक डोक्याच्या खाली आणि पाठीला चिकटलेली हवी. मॅट पण बाहेर आडवी बांधायची नाही, कारवीच्या रानातून जाताना दर दहा पावलाला अडकते, उभी बांध, नाहीतर गुंडाळी सैल करून आतल्या कडेने लाव आणि मधे सामान भर.

हंपट्याचं तुला टेन्शन आलेलं दिसतंय पण तिथे उलट सोपं आहे. ग्रुपबरोबर जाणार असशील तर तंबू, स्वयंपाकाचं सामान खेचरांवर असतं, स्लीपिंग बॅग पण बहुतेक वेळा तेच देतात (बुकिंग करताना विचारून घे). तुझ्याकडे राहतात कपडे, गरम जॅकेट, पाणी, खाऊ. खिंड ४,२०० मीटरच्या वर आहे, कपडे जरा जास्त लागतील, तरी ४०-४५ मधे होतं. उद्या कधी स्वतःचा तंबू, स्टोव्ह घेऊन पाच-सहा दिवस जायचं ठरलं तर तेव्हा मोठी लागेल, तर तेव्हा भाड्याने घे, पुण्यात सॅक, तंबू, बूट सगळं भाड्याने देणारे आहेत. वर्षातून एकदा लागणारी गोष्ट माळ्यावर ठेवायला विकत कशाला घ्यायची.

विमानाचं मात्र नीट वाच, कारण इथे बरेचजण फसतात. देशातल्या विमानात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलो आणि ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर अशी मर्यादा असते. ४० लिटर म्हणजे केबिनमधे चालतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते चौकोनी ट्रॅव्हल बॅगांसाठी खरं आहे, ट्रेकची ४० लिटरची सॅक उभी असते, ६० च्या वर सहज जाते, आणि हंपट्याला निघताना तुझ्या सॅकचं वजन ७ किलोत राहणार पण नाही. म्हणजे चेक-इन करायचं हे धरूनच चाल. टाकण्याआधी कमरेचा पट्टा मागे वळवून सॅकभोवती उलटा लाव, खांदेपट्टे आवळून घे, आणि वरून रेनकव्हर नाहीतर एखादं जुनं पोतं, काहीही चढव, म्हणजे सरकत्या पट्ट्यात बक्कल अडकून तुटत नाही. औषधं, कागदपत्रं, पॉवरबँक हातातल्या छोट्या पिशवीत, पॉवरबँक चेक-इनला टाकता येत नाही. एसटी-ट्रेनला काही प्रश्नच नाही, ४० लिटरची सॅक ट्रेनच्या सीटखाली जाते आणि लालपरीत मांडीवर पण घेता येते, ६० लिटर घेऊन स्वारगेटला गर्दीच्या गाडीत चढून दाखव म्हणावं दादाला.

एकच सॅक दोन्हीकडे वापरायची तर उघडते कशी हे बघणं महत्त्वाचं. नुसती वरून नाडी ओढून उघडणारी सॅक ट्रेकला मजबूत, पण हॉटेलात सकाळी मोजे शोधायचे तर सगळी उलटी करावी लागते. सूटकेससारखी पूर्ण उघडणारी फिरायला सुंदर, पण तिला इतकी लांब चेन असते की कोंबून भरली तर चेनवर सगळा ताण येतो, आणि डोंगरात चेन फाटली तर काही करता येत नाही. तुझ्यासाठी मधली, म्हणजे वरून उघडणारीच पण पुढून किंवा बाजूने अजून एक अर्धगोल चेन असलेली. माझा कल तिकडेच आहे, कारण तुझ्या पत्रात तीनपैकी दोन गोष्टी डोंगरातल्याच आहेत. खाली स्लीपिंग बॅगचा वेगळा कप्पा असेल तर चांगलं, नसेल तरी अडत नाही.

पाठीमागे जाळी ताणून बसवलेल्या सॅक मिळतात, पाठ आणि सॅकच्या मधे हवा खेळते, दुकानात घालून बघितलं की फार भारी वाटतं. सपाट वाटेवर खरंच छान. पण त्या वजन पाठीपासून दोन-चार बोटं लांब नेतात आणि त्या वाकामुळे आतली जागा पण खातात. कातळावर मला पाठीला घट्ट चिकटलेली सॅकच बरी वाटते. पाठ काय, उन्हाळ्यात आपल्याकडे तशीही घामाने भिजतेच.

पावसाबद्दल तू विचारलं नाहीयेस पण मी सांगणारच. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही ऑगस्टमधे राजगडावर मुक्कामाला गेलो होतो. रेनकव्हर नवं कोरं, नीट लावलेलं, मी निर्धास्त. पद्मावती मंदिरात पोचलो, सॅक उघडली, स्लीपिंग बॅग बाहेर काढली तर ती पिळता येत होती. कव्हर सॅकचं तोंड झाकतं पण पाठीकडची बाजू उघडीच असते ना, मानेवरून पाणी ओघळतं, पाठ आणि सॅकच्या मधून खाली जातं, फोममधे मुरतं आणि आत शिरतं, आणि जे शिरलं ते कव्हरच्या खोळीत तळाला साचून राहतं, जिथे आपण स्लीपिंग बॅग ठेवतो. वरून माचीवरचा वारा कव्हर शिडासारखं फुगवतो. ती रात्र मैत्रिणीच्या अर्ध्या चादरीत गुडघे पोटाशी घेऊन बसून काढली, हातापायाला मुंग्या, दात वाजत होते, आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही. तेव्हापासून मी सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालते, सगळं सामान त्या पिशवीत, तोंडाला पीळ देऊन दुमडायचं आणि मग वर सॅकचं झाकण. बोहरी आळीत चौकशी केलीस तर हव्या त्या मापाची मिळेल. रेनकव्हर तरी ठेवच, चिखल आणि एसटीच्या टपावरची धूळ यासाठी, पण भरवसा आतल्या पिशवीवर ठेव.

टिकेल की नाही हे बघायला कापडाचा डेनियर (धागा किती जाड त्याचं माप) वगैरे आकडे लेबलवर असतात, २१० ते ४२० मधलं, बारीक चौकटी विणलेलं रिपस्टॉप नायलॉन असेल तर छान, पण सॅक कापडात क्वचित फाटते, शिवणीत उसवते. खांदेपट्टा सॅकला जिथे शिवलाय ती जागा शोध, वर आणि खाली दोन्ही. तिथे नागमोडी दाट टाके दिसले पाहिजेत, जाडसर पट्टीसारखे, एकावर एक. नुसती एक सरळ शिलाई दिसली तर ठेवून दे. तिथे नखाने उचकून बघ, पट्टा धरून जोरात हिसका दे, दुकानदार बघत असला तरी दे. माझी एक सॅक वर्षाच्या आत याच जागी उसवली होती, तोरण्याहून वेल्ह्याला उतरताना, ओढणीने बांधून कशीबशी खाली आणली, आणि सबंध उतारावर वजन एका खांद्यावर असल्याने गुडघा महिनाभर बोलत होता. मग बघ चेन, रनर दहा वेळा वरखाली कर, वळणावर अडकतो का बघ. बक्कल कडक प्लॅस्टिकचं आहे का ते दाबून बघ.

दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघायचं नाही, रिकामी तर सगळ्याच छान बसतात. वजन भर. मोठ्या दुकानांत वजनाच्या पिशव्या असतात, नसतील तर घरून पाच किलो तांदूळ आणि दोन भरलेल्या बाटल्या घेऊन जा, लाजू नकोस. आधी सगळे पट्टे सैल कर, सॅक चढव, खांदे थोडे वर उचल आणि कमरेचा पट्टा लाव, परकराची नाडी जिथे बांधतो त्याच्या जरा खाली, हाडावर. पट्ट्याच्या गादीचा मधला भाग हाडावर आला पाहिजे. घट्ट आवळ, मग खांदे खाली सोड. आता खांदेपट्टे ओढ, पाठीला लागेपर्यंतच, त्याच्यापुढे नाही. मग खांद्याच्या वरून सॅककडे जाणारे ते दोन छोटे पट्टे असतात ते थोडे ओढ, ते तिरके दिसले पाहिजेत, आडवे झाले तर सॅक तुला लहान होतेय, पार उभे झाले तर मोठी. शेवटी छातीचा पट्टा, श्वास घेता येईल इतपतच. आणि मग परीक्षा: खांदेपट्ट्याखाली दोन बोटं घाल, सहज गेली तर वजन कमरेवर आलंय. अशीच वीस मिनिटं दुकानात फीर, जिना असेल तर चढउतर कर, खाली बस, उठ, वर बघ. वर बघताना डोकं सॅकला लागत असेल तर ती नको, कातळ चढताना वर बघावंच लागतं. तुझी कंबर बारीक असेल तर एक अजून, पट्टा पूर्ण आवळल्यावर दोन्ही गाद्या पुढे एकमेकींना भिडता कामा नयेत, भिडल्या म्हणजे पुढे आवळायला जागाच उरली नाही.

कुठली घेऊ याला मी एकच नाव देणार नाही, कारण माझ्या पाठीला बसलेली तुझ्या पाठीला बसेलच असं नाही आणि तू माझ्या शब्दावर घेशील. डेकॅथलॉन, वाइल्डक्राफ्ट, ट्रायपोल, पाच हजारात यांच्यातलं काही ना काही बसायला हवं. ऑनलाइन स्वस्त दिसली तरी आधी अंगावर घालून बघ, आणि ऑनलाइनच घ्यायची झाली तर परत घेतात का ते वाचून मगच, लेबल कापायचं नाही. पाचशे रुपये वाचवायला माप सोडू नकोस एवढं माझं ऐक.

आणि आईचं पण खरं आहे हं, कॉलेजची बॅग टाकू नकोस. सिंहगडला, वेताळ टेकडीला, एका दिवसाच्या ट्रेकला ती पुरते, चार-पाच किलोला कमरेचा पट्टा लागत नाही. आईला फक्त हे दाखव, कॉलेजच्या बॅगेत नऊ किलो भरून तिच्याच खांद्यावर दे आणि घरात एक फेरी मारायला सांग, मग नवी सॅक कमरेवर आवळून दे. बोलावं लागणार नाही.

घरी आणलीस की लेबल न कापता पहिला आठवडा घरातच वापर, भरून, सामान हलवून. तळाला स्लीपिंग बॅग, पाठीला चिकटून मधल्या उंचीवर जड सामान, म्हणजे पाण्याची मोठी बाटली, खाण्याचा डबा, बाहेरच्या बाजूला हलकं, टॉर्च आणि जॅकेट वरच्या झाकणात. मग पक्की झाली की एखाद्या रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड कर, सात-आठ किलो भरून. वर जाताना पट्टा मधे मधे सैल करून परत आवळ, घाम आला की तो घसरतो. उतरताना मात्र सगळं घट्ट, छातीचा पट्टा पण, नाहीतर सॅक मागून ढकलते. भिजली तर आल्या आल्या पूर्ण रिकामी करून सावलीत, पंख्याखाली उलटी टांग. ओली गुंडाळून कपाटात ठेवलीस तर पुण्याच्या पावसाळ्यात आठवड्यात बुरशी धरते आणि आतला लेप चिकट होऊन सुटायला लागतो. वॉशिंग मशीनमधे टाकू नकोस, जुना टूथब्रश आणि थोडा साबण पुरतो, चेनच्या दातांतली माती त्यानेच निघते.

डिसेंबरात तोरण्याकडे जायला राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने खाली उतरायच्या आधी पाणी राजगडावरच पूर्ण भरून घे, तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत वाटेतल्या पाण्याच्या भरवशावर राहू नकोस. ते तीन किलो सकाळी जड वाटतील, पट्टा हाडावर घे आणि चाल.